साथीत न्यायालय थांबते. मुदत थांबते का? : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात वडोदऱ्याच्या न्यायमंदिराविषयी लिहिताना मी एक उल्लेख ओझरता केला होता. भाजीबाजारासाठी म्हणून बांधावयास घेतलेली ही वास्तू महाराज सयाजीरावांनी न्यायदानासाठी दिली आणि १८९६ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. त्याच्या दोनच महिने आधी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला होता, असे ते वाक्य होते. त्यावर अपेक्षेपेक्षा अधिक पत्रे आली. साथ आली की न्यायालयांचे कामकाज पुढे ढकलले जाते, तेव्हा ज्यांचे दावे, अपिले आणि जामिनाचे अर्ज तेथे अडकलेले असतात त्यांचे काय होते, हाच बहुतेकांच्या मनातील प्रश्न आहे. निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे पणजोबा पुणे जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी वकिली करीत असत आणि पुढे बडोद्यास येऊन स्थायिक झाले. त्यांच्या दप्तरात गेल्या शतकाच्या आरंभीच्या एका दिवाणी दाव्याच्या रोजनाम्याची नक्कल मिळाली. तीत लागोपाठच्या तीन तारखांसमोर ‘गावात उंदीर पडू लागल्याने उभय पक्षकार बाहेर राहावयास गेले, सबब काम तहकूब’ अशी नोंद असून चौथ्या तारखेसमोर ‘वादी गैरहजर, दावा काढून टाकला’ असे लिहिले आहे. साथ चालू असताना असा निकाल देणे त्या काळच्या कायद्यात बसत होते का? (एक वाचक, रावपुरा)

उत्तर : आपण पाठविलेल्या छायाप्रतीतील अक्षर सुवाच्य आहे आणि नोंदीही स्पष्ट आहेत. त्या चार ओळी मी अनेकदा वाचल्या, कारण साथीच्या काळातील न्यायदानाचा सारा पेच त्यांत आला आहे.

प्रथम पक्षकारांच्या बाजूने पाहू. घरात किंवा आळीत उंदीर मरून पडू लागले की घर सोडावे आणि गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहावे, हे लोकांनी अनुभवातून शिकून घेतले होते आणि ते अगदी बरोबर होते. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला, तो उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो हे पॉल लुई सिमों यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले, तरी वैद्यकशास्त्राने ही गोष्ट सर्वमान्य करण्यास आणखी काही वर्षे लागली. मेलेल्या उंदराचे अंग गार पडले की पिसवा दुसरे ऊबदार शरीर शोधू लागतात, आणि ते शरीर त्या घरातील माणसाचे असते. तेव्हा आपल्या पणजोबांचे अशील तारखेला गेले नाहीत, यात हलगर्जी नव्हती. जीव वाचविण्याचा तेव्हा ज्ञात असलेला सर्वांत खात्रीचा मार्ग त्यांनी धरला होता.

आता न्यायालयाची बाजू. न्यायाधीश बसले होते, शिरस्तेदार हजर होते, पुकारा झाला होता. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने न्यायालय उघडे होते. तेव्हा लागू असलेल्या १८७७ च्या मुदतीच्या कायद्याच्या पाचव्या कलमात अशी तरतूद होती की मुदतीचा अखेरचा दिवस न्यायालय बंद असताना आला, तर ते पुन्हा उघडेल त्या दिवशी दावा, अपील किंवा अर्ज दाखल करता येई. न्यायालय उघडे आहे पण गाव ओस पडले आहे, अशा स्थितीला हे संरक्षण मिळत नव्हते. तेथे सारे काही त्या त्या न्यायाधीशाच्या विवेकावर राही. आपल्या प्रकरणात त्यांनी तीन वेळा समजूतदारपणा दाखविला आणि चौथ्या वेळी तो संपला. मधल्या काळात पुढची तारीख माळावरच्या झोपडीपर्यंत कोणी कळविली असेल का, याविषयी रोजनामा मुका आहे. समन्स बजावता न आल्यास ते राहत्या घराच्या दारावर डकविले तरी बजावणी झाली असे धरता येई. ज्या दाराला कुलूप आहे आणि ज्याच्या आत मेलेले उंदीर आहेत, त्या दारावर डकविलेला कागद वाचावयास कोण परत येणार होते?

निकाल कायद्यात बसत होता, असे उत्तर मला द्यावे लागते. मात्र तो अखेरचा नव्हता. गैरहजेरीचे सबळ कारण दाखवून दावा पुन्हा नंबरावर, म्हणजे सुनावणीस, घेण्याची तरतूद त्या वेळच्या दिवाणी संहितेतही होती. दप्तराच्या त्याच रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यात, तसा अर्ज किंवा त्यावरील हुकूम सापडतो का, हे अवश्य पाहावे. आपले पणजोबा वकील असल्याने त्यांनी तो दिला असण्याचा संभव पुष्कळ आहे.

मला स्वतःला असे ठामपणे वाटते की, त्या तालुक्याचे न्यायालय जानेवारी ते मार्च या महिन्यांपुरते रीतसर बंद ठेवून सर्व तारखा एकदम उन्हाळ्यात नेल्या असत्या, तर आपल्या अशिलाचा दावा वाचला असता. दख्खनेत हिवाळ्यात चढणारा प्लेग कडक उन्हाळ्यात पिसवा मरू लागल्या की उतरतो, हे अनुभवाने ठाऊक झाले होते, त्यामुळे पुढची तारीख कधीची द्यावी याचा अंदाज बांधता येण्यासारखा होता. नावापुरते उघडे राहिलेले न्यायालय हे साथीच्या काळात बंद न्यायालयापेक्षा अधिक घातक ठरते, कारण ते गैरहजेरीची नोंद करीत राहते.

एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपला कागद ब्रिटिश मुलखातील आहे. बडोदे संस्थानाला ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत. संस्थानची स्वतंत्र न्यायव्यवस्था होती आणि तिच्या शिखरावर वरिष्ठ न्यायालय होते. तेथे साथीच्या काळात कसे वागले गेले, हे संस्थानी हुकुमांवरूनच ठरविले पाहिजे आणि त्यासाठी वडोदऱ्यातील सरकारी अभिलेखागारात बसावे लागेल. आपल्याला वेळ आणि आवड दोन्ही आहेत असे पत्रावरून दिसते. हे काम आपण हाती घ्यावे.

प्रश्न : मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात विधी शाखेची विद्यार्थिनी आहे. इंग्लंडमध्ये प्लेगमुळे न्यायालयांची सत्रे पुढे ढकलली जात किंवा दुसऱ्या गावी भरविली जात, असे वाचनात आले. न्यायालय नुसते बंद ठेवणे पुरेसे असताना त्यासाठी राजाची आज्ञा कशाला लागत असे? (वाडी)

उत्तर : तुमच्या प्रश्नातील ‘कशाला’ हा शब्दच महत्त्वाचा आहे. लंडनची वरिष्ठ न्यायालये वर्षभर सलग चालत नसत. वर्षातून चार सत्रे असत: हिलरी, ईस्टर, ट्रिनिटी आणि मायकेलमस. ही सर्व न्यायालये वेस्टमिन्स्टर हॉल या एकाच प्रचंड दालनात भरत. राजाचे न्यायालय, सामान्य दाव्यांचे न्यायालय आणि चॅन्सरी, म्हणजे चॅन्सलरचे न्यायालय, ही एकाच छताखाली असत आणि भिंतीलगत पुस्तकविक्यांची व इतर किरकोळ दुकाने असत. सत्र सुरू झाले की देशभरातून वकील, पक्षकार, साक्षीदार आणि त्यांचे नोकर लंडनमध्ये येऊन खाणावळींत उतरत. लंडनच्या प्लेगचा जोर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात असे, आणि शरदात सुरू होणारे मायकेलमस सत्र नेमके त्याच्या तोंडाशी येई. म्हणून ढकलल्या गेलेल्या सत्रांत मायकेलमसचे नाव वारंवार येते.

राजाज्ञेचे कारण असे. प्रत्येक दावा एका लेखी आज्ञापत्रावर उभा असे आणि ते आज्ञापत्र अमुक सत्रातील अमुक दिवशी न्यायालयात परत आले पाहिजे, असा त्यावर दिवस नेमलेला असे. त्या दिवशी न्यायालय भरलेच नाही आणि पुढचा दिवसही नेमला गेला नाही, तर दाव्याची साखळी तुटे आणि वादीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. तेव्हा दारे लावून घेणे पुरेसे नव्हते. सर्व दावे त्यांच्या आहे त्या स्थितीत पुढच्या नेमल्या दिवसावर किंवा दुसऱ्या स्थळी नेले आहेत, असे अधिकाराने जाहीर करावे लागे. आज आपण ज्याला तहकुबी म्हणतो तिचे खरे काम हेच आहे. रोजनाम्यात पुढची तारीख लिहिली जाते तेव्हा दावा जिवंत ठेवला जातो.

स्थलांतराची उदाहरणे अनेक आहेत. १५९२ च्या प्लेगमध्ये मायकेलमस सत्र हर्टफर्डला नेण्यात आले. १६०३ मध्ये राणी एलिझाबेथनंतर जेम्स गादीवर आला त्या वर्षी लंडनमध्ये भयंकर साथ होती. ते सत्र विंचेस्टरला भरले आणि सर वॉल्टर रॅली यांच्यावरील राजद्रोहाचा खटला १७ नोव्हेंबर १६०३ रोजी तेथेच चालला. लंडनच्या टॉवर या किल्ल्यातील तुरुंगातून विंचेस्टरला नेताना त्यांच्या गाडीवर जमावाने दगड आणि चिखल फेकल्याच्या नोंदी आहेत. खटला एका दिवसात संपला, देहान्ताची शिक्षा झाली आणि त्याच शिक्षेच्या आधारे १६१८ मध्ये त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. १६६५ च्या मोठ्या प्लेगमध्ये दरबार, पार्लमेंट आणि मायकेलमस सत्र ही सारीच ऑक्सफर्डला गेली. ‘लंडन गॅझेट’ या सरकारी पत्राचा आरंभ त्या नोव्हेंबरात ‘ऑक्सफर्ड गॅझेट’ म्हणून झाला तो यामुळेच.

सत्र पुढे ढकलणे आणि ते दुसऱ्या गावी नेणे यांत मी पहिल्याला अधिक न्याय्य मानतो. स्थलांतराचा लाभ ज्याला प्रवास परवडतो त्याला मिळतो. लंडनच्या एखाद्या विणकराला आपल्या थकलेल्या पैशांसाठी विंचेस्टरला साक्षीदार नेणे कसे शक्य होते? शिवाय लंडनहून आलेली गर्दी त्या छोट्या गावात रोगही घेऊन जाण्याची भीती असे. राजाला मात्र आपल्या शत्रूंवरील खटला थांबू द्यावयाचा नव्हता आणि तो थांबला नाही.

याच संदर्भात दोन प्रसंग अभ्यासकाने विसरू नयेत. दोन्ही प्लेगचे नव्हेत. ते तुरुंगात पसरणाऱ्या तापाचे, म्हणजे बहुधा उवांमुळे होणाऱ्या टायफसचे आहेत. १५७७ मध्ये ऑक्सफर्डच्या फिरत्या फौजदारी सत्रानंतर सुमारे ३०० माणसे दगावली आणि त्यांत प्रमुख न्यायाधीश सर रॉबर्ट बेल हेही होते. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यूगेट तुरुंगातील कैदी आणले गेले आणि त्यानंतर लॉर्ड मेयर, दोन न्यायाधीश व आणखी पुष्कळ जण मरण पावले. कैद्यांना महिनोन्‌महिने घाणीत कोंडून ठेवावयाचे आणि एक दिवस भरल्या न्यायालयात उभे करावयाचे, या व्यवस्थेने न्यायासनावरच्यांनाही सोडले नाही. दुर्गंधीवर उपाय म्हणून न्यायाधीशांनी सुगंधी वनस्पतींचे गुच्छ हातात धरण्याची प्रथा रूढ झाली. तुरुंग सुधारण्यास मात्र फार काळ जावा लागला.

न्यायालये चालू राहिली म्हणजे न्याय चालू राहिला, असेही समजू नका. १६३० मध्ये मिलान शहरात प्लेग असताना भिंतींना विषारी मलम फासून रोग पसरविल्याच्या आरोपावरून आरोग्य खात्याचा कर्मचारी गुल्येल्मो पियात्सा आणि न्हावी जानजाकोमो मोरा यांचा छळ करून कबुलीजबाब घेण्यात आले आणि ऑगस्टमध्ये दोघांना ठार मारण्यात आले. मोराचे घर पाडून त्या जागी त्याच्या बदनामीचा स्तंभ उभारला, तो १७७८ पर्यंत उभा होता. भेदरलेल्या शहरात, भेदरलेल्या न्यायाधीशांपुढे तो खटला उभा राहिलाच नसता, रोग ओसरेपर्यंत पुढे ढकलला असता, तर त्या दोघांचे प्राण वाचण्याची काही तरी आशा होती. फौजदारी खटल्यात थोडा काळ जाऊ देणे हेही कधी कधी आरोपीचे संरक्षण असते, हे तुमच्या पिढीच्या वकिलांनी ध्यानात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : साथ आल्यास न्यायालय बंद ठेवण्याचा निर्णय तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे न्यायाधीश स्वतः घेऊ शकतात का? (फतेगंज)

उत्तर : एखाद्या दिवशी बाका प्रसंग आला तर न्यायाधीश त्या दिवसाचे काम तहकूब करू शकतात. दिवसचे दिवस कामकाज बंद ठेवणे किंवा मर्यादित करणे हा निर्णय उच्च न्यायालयाचा असतो, कारण खालच्या न्यायालयांवर देखरेखीचा अधिकार संविधानाने त्याला दिला आहे. वडोदऱ्यापुरते हे गुजरात उच्च न्यायालय होय. पक्षकाराने तोंडी बातमीवर विसंबू नये. न्यायालय बंद असल्याच्या लेखी परिपत्रकाची प्रत मिळवून जपून ठेवावी, कारण पुढे मुदतीचा वाद निघाला तर तोच कागद कामाला येतो.

प्रश्न : माझ्या यजमानांविरुद्ध घराच्या वादात फेब्रुवारी २०२१ मध्ये हुकूमनामा झाला. एप्रिलमध्ये ते कोरोनाने आजारी पडले आणि त्यातच गेले. अपील करावयाचे राहिले. त्या वेळच्या वकिलांनी ‘न्यायालय बंद आहे, काळजी नको’ असे सांगितले होते. आता मुदत केव्हाच संपली, असे दुसरे वकील सांगतात. न्यायालय बंद होते तर मुदत कशी संपली? (कारेलीबाग)

उत्तर : आपल्या दुःखात कायद्याची ही गुंतागुंत आणखी भर घालणारी आहे, याची मला जाणीव आहे. म्हणून ती होईल तितकी सोपी करून सांगतो.

मुदतीच्या संदर्भात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली आहे १९६३ च्या मुदत अधिनियमाचे चौथे कलम. मुदतीचा अखेरचा दिवस न्यायालय बंद असताना आला, तर ते उघडेल त्या दिवशी कागद दाखल करता येतो. नेहमीच्या कामकाजाच्या वेळेपैकी काही भाग जरी न्यायालय बंद असले, तरी तो दिवस बंद धरला जातो. पण ही सवलत फक्त उघडण्याच्या त्या एका दिवसापुरती असते. दुसऱ्या दिवशी गेलात तर ती हातातून गेलेली असते.

दुसरी गोष्ट कोरोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून केलेली व्यवस्था. २३ मार्च २०२० च्या आदेशाने देशभरातील मुदती १५ मार्च २०२० पासून वाढविल्या गेल्या. मध्यंतरी ही सवलत आवरती घेतली गेली आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा लागू झाली. शेवटी १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने असे ठरले की १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा संपूर्ण काळ मुदतीच्या गणनेतून वगळावा आणि ज्यांची मुदत या काळात संपत होती त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस मिळावेत. कोणाची मूळ शिल्लक मुदत त्याहून अधिक असेल तर ती अधिक मुदत धरावी. ज्यांची मुदत १५ मार्च २०२० पूर्वीच संपली होती, त्यांना याचा उपयोग नव्हता. न्यायालय उघडे की बंद, हा प्रश्नच या आदेशाने बाजूला ठेवला. न्यायालयाचे दार उघडे असले तरी माणूस तेथपर्यंत पोहोचू शकत नाही, ही गोष्ट त्यात मान्य झाली. पहिल्या प्रश्नातील माळावरच्या पक्षकारांना जे मिळाले नव्हते ते हेच, आणि म्हणून हा आदेश मला मोलाचा वाटतो.

आपल्या यजमानांच्या अपिलाची मुदत, ते जिल्हा न्यायालयात होणार असेल तर मूळ ३० दिवसांची होती आणि ती वगळलेल्या काळातच पडत होती. म्हणजे १ मार्च २०२२ पासून ९० दिवसांत अपील करता आले असते. वारस म्हणून तो हक्क आपल्याकडे आला होता. ‘काळजी नको’ हे तेव्हा खरे होते. पण त्या काळजीमुक्त दिवसांना शेवट आहे, हे आपल्याला कोणीतरी सांगावयास हवे होते.

आता तिसरी गोष्ट उरते : १९६३ च्याच अधिनियमाच्या पाचव्या कलमाखाली विलंब माफीचा अर्ज. येथे सबळ कारण द्यावे लागते आणि मे २०२२ अखेर ते ९० दिवस संपल्यानंतरच्या काळाचे स्पष्टीकरण विशेष तपशिलाने द्यावे लागते. यजमानांच्या उपचाराचे कागद, मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रे, हुकूमनाम्याची माहिती आपल्याला प्रत्यक्ष केव्हा झाली याविषयीचे प्रतिज्ञापत्र आणि वकिलांशी झालेल्या पत्रव्यवहाराचे किंवा संदेशांचे मुद्रित उतारे अर्जासोबत जोडावेत. हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल आजच मागावी. नकलेसाठी लागणारा आवश्यक काळ मुदतीतून वगळला जातो, तथापि मुदत उलटल्यावर मागितलेल्या नकलेचा तसा लाभ होत नाही, तेव्हा तेवढ्यावर विसंबू नये. प्रकरण कठीण आहे आणि यश मिळेलच असे मी म्हणणार नाही. मात्र अर्ज न करता बसलात तर अंमलबजावणीची दरखास्त आल्यावर सांगण्यासारखे काहीच हाती राहणार नाही.

आपल्यासारखीच पण थोडी वेगळी स्थिती अनेकांची होती. तारखेला जाता न आल्याने कोणाचा दावा काढून टाकला गेला, तर कोणाविरुद्ध एकतर्फी निकाल झाला. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला तेव्हा काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. अशा धावपळीत तारीख चुकणे अटळच असते. अशा वेळी दिवाणी संहितेच्या नवव्या आदेशाखाली दावा पुन्हा नंबरावर घेण्याचा किंवा एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज ३० दिवसांत द्यावयाचा असतो. साथ हे सबळ कारण आहे, पण ते आपल्याला कसे लागू पडले हे कागदाने दाखवावे लागते : रुग्णालयाची पावती, गाडीचे तिकीट, प्रतिबंधित क्षेत्राचा हुकूम, काहीही चालेल.

प्रश्न : आता व्हिडिओद्वारे सुनावणी होऊ शकते, तर पुढील साथीत न्यायालये पुढे ढकलण्याची गरजच काय? (अलकापुरी)

उत्तर : युक्तिवाद ऐकण्यापुरते आपले म्हणणे मान्य आहे. ६ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ सुनावणीला मार्ग मोकळा करून दिला आणि २६ ऑक्टोबर २०२० पासून गुजरात उच्च न्यायालयाने आपले कामकाज यूट्यूबवर दाखविण्यास सुरुवात केली. असे करणारे ते देशातील पहिले उच्च न्यायालय. परंतु त्याच एप्रिलच्या आदेशात असेही म्हटले होते की दोन्ही पक्षांची संमती असल्याखेरीज पुरावा व्हिडिओवरून नोंदवू नये. हे बंधन शहाणपणाचे होते. साक्षीदाराच्या समोर पडद्याच्या पलीकडे कोण उभे आहे, तो कागद बघून बोलत आहे का, हे न्यायाधीशांना कसे कळणार? छोटा उदेपूरकडच्या पाड्यावरच्या साक्षीदाराला मोबाइलची रेंज मिळते की नाही, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा आहे. जेथे साक्षीपुरावा आहे तेथे तारीख पुढे नेणेच योग्य. पण ती नेमकी नेली पाहिजे आणि पक्षकाराला कळली पाहिजे.

प्रश्न : २०२० च्या टाळेबंदीत माझा भाऊ न्यायालयीन कोठडीत होता. आरोपपत्र वेळेत आले नाही. आम्ही विचारले तेव्हा ‘न्यायालये बंद असल्याने सर्वच मुदती वाढल्या आहेत’ असे सांगण्यात आले आणि आम्ही गप्प बसलो. पुढे तो सुटला, पण तेव्हा आमची फसगत झाली का, हे जाणून घ्यावयाचे आहे. (बाबाजीपुरा)

उत्तर : होय, आपल्याला चुकीचे सांगितले गेले. तपास मुदतीत पुरा झाला नाही तर आरोपीला जामीन मिळण्याचा हक्क निर्माण होतो. ही मुदत साधारणतः ६० दिवसांची, आणि देहान्त, जन्मठेप किंवा किमान १० वर्षांच्या कैदेच्या गुन्ह्यांत ९० दिवसांची असते. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १६७ व्या कलमात होती; १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १८७ व्या कलमात आहे. मुदतवाढीच्या आदेशाने पोलिसांनाही जादा दिवस मिळाले, अशी समजूत काही ठिकाणी झाली होती. १९ जून २०२० रोजी एस. कासी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती स्पष्टपणे खोडून काढली. दावे आणि अपिले करणाऱ्यांच्या सोयीसाठी दिलेली सवलत माणसाला कोठडीत अधिक दिवस ठेवण्यासाठी वापरता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

मला या सदरातील सर्व प्रश्नांत हाच सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. जमिनीचा दावा सहा महिने पुढे गेला तर जमीन तेथेच राहते. कच्च्या कैद्याची तारीख पुढे गेली तर त्याचे ते दिवस कोणीही भरून देऊ शकत नाही, आणि साथीच्या काळात तर दाटीच्या बराकीत त्याच्या जिवालाच धोका असतो. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२० रोजीच प्रत्येक राज्यात उच्चाधिकार समिती नेमून कैद्यांना तात्पुरते सोडण्याचा विचार करावयास सांगितले, ते याच भीतीमुळे. साथीत न्यायालयाची सारी दालने बंद झाली तरी जामिनाचे एक दालन उघडे राहिले पाहिजे, याबाबत तडजोड होऊ नये.

आपल्या भावाच्या प्रकरणात आता करण्यासारखे काही नाही, पण पुढे कोणावर असा प्रसंग आला तर दिवस मोजण्याची रीत ठाऊक असावी. अटकेच्या तारखेपासून मोजू नये. दंडाधिकाऱ्यांनी ज्या दिवशी पहिल्यांदा कोठडी दिली तेथून मोजावे आणि तो दिवसही धरावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरविले आहे. मुदत संपताच, आरोपपत्र दाखल होण्यापूर्वी, जामिनाचा अर्ज दिला पाहिजे. आरोपपत्र आधी आले आणि अर्ज नंतर गेला तर हा हक्क उरत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा किंवा कैद्याने तुरुंगाच्या अधीक्षकांमार्फत अर्ज पाठवावा, आणि अर्ज दिल्याची तारीख व वेळ घातलेली पोच घरच्यांनी मागून घ्यावी.